हात सैल आहे, एवढंच म्हणाले

अमरावतीत लोकरीचं विणकाम शिकवते असं परगावच्या माणसाला सांगितलं, की तो आधी माझ्याकडे बघतो आणि मग वर आभाळाकडे. ऊन दाखवायचं असतं त्याला. माझा जन्म अकोल्याचा आणि नोकरी अमरावतीची, त्यामुळे उन्हाबद्दल मला कोणी नवीन काही सांगावं अशी परिस्थिती नाही. पण आमच्याकडे जानेवारीत पहाटे गव्हाला पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला विचारून बघा, कानटोपी लागते की नाही ते. शिवाय बायका स्वेटर शिकायला येतात त्या फक्त स्वेटरसाठी येतात असंही नाही. दुपारचे दोन तास घराबाहेर बसता येतं आणि कोणी ‘कुठं गेली होती’ म्हणून विचारत नाही, हेही त्यात आलं.

एका महिला मंडळाच्या हस्तकला वर्गात मी एकतीस वर्षं शिकवलं. त्याआधी अकोल्याला घरच्या पडवीत चार-दोन मुली घेऊन बसत असे. आता निवृत्त आहे, म्हणजे फक्त शेजारणींना शिकवते.

ज्यांनी कधी सुई धरली नाही त्यांच्यासाठी आमचं काम थोडक्यात सांगते. दोन सुया आणि एक धागा. डाव्या सुईवर धाग्याचे फासे असतात, त्यांना टाके म्हणतात. उजवी सुई एका टाक्यात घालायची, तिच्यावर धागा घ्यायचा, तो टाक्यातून ओढून काढायचा आणि जुना टाका डाव्या सुईवरून सोडून द्यायचा. धागा मागे ठेवून विणलं की सुलट टाका, पुढे घेऊन विणलं की उलट. संपलं शिक्षण. दुकानात टांगलेला कितीही नक्षीदार स्वेटर असो, तो या दोन टाक्यांचाच असतो. बाकी सगळं मोजणं आणि धीर धरणं.

एवढं सोपं असूनही पहिला दिवस गोंधळाचाच जातो. एकदा पहिल्या रांगेतल्या एका काकूंना मी दाखवत होते. त्यांचा एक टाका नीट निघाला. मी म्हटलं, “शाब्बास, आता पुढचा टाका.” त्यांनी सुया, लोकर, सगळं टेबलावर टाकलं आणि माझ्याकडे बघत बसल्या. “टाकलं, मॅडम,” म्हणाल्या. तेव्हापासून मी पहिले आठ दिवस ‘पुढचा फासा’ म्हणत असे.

सुयांच्या नंबरांचाही असाच घोळ. नंबर वाढला की सुई बारीक होते. बारा नंबर दहापेक्षा बारीक. हे कोणालाच पटत नाही. दुकानदारालाही पटत नसावं, कारण ‘जरा मोठी द्या’ म्हटलं की तो हमखास बारीक काढून देतो.

आणि उकाडा. होळी झाली की बोटांना घाम येऊ लागतो आणि लोकर सुईवर सरकेनाशी होते. त्यावर आमचा उपाय म्हणजे टाल्कम पावडर. वर्गात कपाटावर पावडरचा एक डबा कायम असायचा. मुली चिमूटभर बोटांना चोळत आणि कामाला लागत. परीक्षेला बाहेरून येणाऱ्या बाई दरवर्षी विचारायच्या, “तुमच्याकडच्या स्वेटरना इतका छान वास कसा येतो हो?”

विद्यार्थी सगळे बायकाच होते असं नाही. अकोल्याला बँकेतून निवृत्त झालेले एक हेडक्लार्क यायचे. सुलट टाका त्यांना तासाभरात जमला. उलट शिकवायला घेतला तर त्यांनी सुया खाली ठेवल्या. “बाई, नोकरीत पस्तीस वर्षं उलटं काम केलं नाही, आता कायले करू?” मला वाटलं गंमत करतात. पण नाही, शेवटपर्यंत शिकले नाहीत. दोन्ही बाजूंनी नुसतं सुलट विणलं तरी एक जाडसर, लाटालाटांचं कापड तयार होतं. त्याचे मफलर त्यांनी विणले, एकामागून एक, आणि सगळ्या कॉलनीला घातले. हिवाळ्यात त्या रस्त्याने गेलं की प्रत्येकाच्या गळ्यात तेच.

माझ्याबद्दल मुली काय बोलायच्या ते मला माहीत आहे. मॅडम चांगल्या, पण तोंड फटकळ. खरं आहे. वीस ओळींखाली एक टाका चुकलेला दिसला तरी मी उसवायला लावत असे. रडू दे, आई भेटायला येऊ दे, उसवायचं म्हणजे उसवायचं. चूक दिसली की तिथल्या तिथे, तोंडावर सांगायची, यात मला अभिमानच होता. हा अभिमान कुठे तोकडा पडला, ते सांगण्यासाठी हे लिहायला बसले आहे.

त्याआधी आमच्या कामातला एक शब्द सांगायला हवा. तो शब्द म्हणजे ‘हात’.

एकाच लोकरीवर, एकाच नंबरच्या सुईवर दहा मुलींना तीस-तीस टाके घालायला सांगा. दहा वेगवेगळ्या रुंदीच्या पट्ट्या निघतील. कोणी धागा ओढून धरते, कोणी मोकळा सोडते. ओढून धरणारीला आम्ही म्हणतो, हिचा हात घट्ट. मोकळा सोडणारीचा हात सैल. सैल हातात काही वाईट नाही. कापड मऊ पडतं. फक्त माप वाढतं आणि लोकर थोडी जास्त जाते. म्हणून अशा मुलीला सुई एक नंबर बारीक द्यायची, दहाऐवजी अकरा, झालं काम. बोलायची ढब असते तसा हा हात असतो. तो बदलत नाही आणि बदलायची गरजही नसते.

शीतलचा हात सैल होता. ती चांदूर रेल्वेहून बसने यायची. बी.ए. झालेली, विसेक वर्षांची, कमी बोलणारी. आज ती मूर्तिजापूरला सासरी असते, स्वतःचा वर्ग चालवते, आणि तिला विचारूनच मी हे लिहिते आहे. तिचे टाके इतके एकसारखे पडायचे, की भिंतीवरच्या फळ्यावर मी तिचा नमुना लावला होता. नमुना म्हणजे वीतभर चौकोनी तुकडा, खाली नावाची चिठ्ठी.

मार्चच्या सुरुवातीची गोष्ट. परीक्षा तोंडावर आलेली. दुपारी वर्ग सुटल्यावर मी एकटीच नमुने तपासत बसले होते, तेवढ्यात दोन बायका आल्या. एक उंच, एक ठेंगणी, दोघींच्या अंगावर ठेवणीतल्या साड्या. दर मार्चमध्ये उन्हाळी वर्गाची चौकशी करायला बायका येतातच. मी खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. कुठल्या म्हणून विचारलं, तर तिवशाच्या. तिवशाहून इतक्या लांब शिकायला कोण येतं, हा विचार माझ्या डोक्यात यायला हवा होता. तो आला नाही. डोळे समोरच्या नमुन्यांत होते.

उंच बाई फळ्यापाशी गेल्या. एकेक चिठ्ठी वाचत शीतलच्या नमुन्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“हे कोन पोरगी हाय, मॅडम?”

“शीतल. चांदूर रेल्वेची आहे.”

“कामाले कशी हाय?”

“कामाला चांगली. चुकलं तर लपवत नाही. फक्त हात सैल आहे.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. ते मला दिसलं होतं, पण त्याचा अर्थ मी लावला नाही.

“सैल मंजे?” ठेंगणीने विचारलं.

“सैल म्हणजे सैल. दुसऱ्या मुलींचं जेवढ्यात भागतं तेवढ्यात हिचं भागत नाही. दिलं ते संपवते आणि वर आणखी लागतं.”

“तुमी काई बोलत नाही तिले?”

“बोलून काय होतं? हा मूळचाच असतो. आपणच सांभाळून घ्यायचं.”

“पुढं सुदरत असन ना?”

“छे! इतक्या वर्षांत एक सुधारलेली पाहिली नाही मी.”

आणि एवढं बोलून मी त्यांच्यापुढे प्रवेशाचा फॉर्म धरला. उंच बाई म्हणाल्या, “नाई, आमी असंच पाह्याले आलतो.” पाण्याचे पेले खाली ठेवून त्या निघून गेल्या.

चार दिवस शीतल आली नाही. पाचव्या दिवशी तिची मैत्रीण वैशाली म्हणाली, “मॅडम, तिचं जमत आलतं ना, ते मोडलं. बोलनं झालं होतं, पोरानं पाहून पसंत केलं होतं. अन् आता मंतात, नाही जमत. कारन काई सांगतलं नाई.”

“कुठला मुलगा?”

“तिवशाचा. पंपाच्या मोटारीत तार भरते थो. वाइंडिंगचं दुकान हाय त्याचं.”

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. दोन बायका, ठेवणीतल्या साड्या, फळ्यावर ठेवलेलं बोट, सगळं एकदम जुळलं. आपल्याकडे हात सैल म्हटलं की एकच अर्थ निघतो, पैसा हातात टिकत नाही. आणि मी तर वर खात्री दिली होती, ही सुधारायची नाही म्हणून. लग्नाआधी मुलीची चौकशी तिच्या कामाच्या ठिकाणी करतात, आणि ती अशी आडून आडूनच करतात, हे वऱ्हाडात जन्म काढलेल्या बाईला कळायला नको होतं का?

कळलं त्या दिवशी मी काय करायला हवं होतं हे स्पष्ट आहे. बसमध्ये बसून तिवसा गाठायचं होतं. मी तसं केलं नाही. का केलं नाही याची कारणं मी तेव्हा स्वतःला रोज नवीन देत होते. परीक्षा आहे. लोकांच्या घरच्या लग्नात आपण कशाला पडायचं? कदाचित मोडण्याचं कारण दुसरंच असेल. आणि सगळ्यांत मोठं म्हणजे, मी चुकीचं काय बोलले? हात सैल होता, मी सैल म्हणाले. त्यांना कळलं नाही तर त्यांनी विचारायचं. या शेवटच्या कारणावर मी बरेच दिवस काढले.

शीतल पुन्हा येऊ लागली. पहिल्यासारखीच कमी बोलायची, परीक्षेचं काम वेळेत द्यायची. मी तिला काही विचारलं नाही, तिने काही सांगितलं नाही. फक्त कपाटावरचा पावडरचा डबा लवकर संपू लागला. मी मुलींना एक-दोनदा टोकलंही. मग एक दिवस वर्ग सुटल्यावर मी चष्मा विसरले म्हणून परत आले, तर शीतल कपाटाच्या काचेसमोर उभी. तळहातावर पावडर घेऊन तोंडाला लावत होती, गळ्यापर्यंत, एकावर एक. रंगाने ती सावळी. मला बघितल्यावर तिने ओढणीने सगळं पुसून टाकलं आणि “बस चुकन” म्हणत निघाली. मी तिथल्याच स्टुलावर बसले. मला स्वतःची लाज वाटली, दुसरा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळच्या बसने मी तिवशाला गेले. पिशवीत दोन दहा नंबरच्या सुया, लोकरीचा एक गुंडा आणि शीतलचा नमुना. वाइंडिंगचं दुकान स्टँडवरच विचारलं, लगेच सापडलं. पुढे दुकान, मागे घर. उंच बाईंनीच दार उघडलं. इंदूबाई त्यांचं नाव. मुलाची आई त्याच, ठेंगणी ती त्यांची बहीण.

मी काही आडपडदा न ठेवता सांगितलं. तुम्ही चौकशीला आला होतात हे मला कळलं नाही. मी हात सैल म्हणाले ते लोकरीबद्दल. मुलीच्या खर्चाबद्दल मला काही माहीत नाही, आणि असलंच तर एवढं, की ती घरून डबा आणते आणि परतीचं तिकीट रुमालात बांधून ठेवते.

इंदूबाईंचा चेहरा हलला नाही. “आता तुमी तिच्या बाजूनं बोलनारच. मास्तरीन आहा तिच्या.”

मग मी जे येतं तेच केलं. सुया त्यांच्या हातात दिल्या. नको नको म्हणत होत्या, पण मी त्यांच्या शेजारी सतरंजीवर बसले आणि वीस टाके घालून दिले. सुई अशी आत, धागा असा वरून, ओढा, सोडा. पाचव्या टाक्याला त्यांना जमलं. पहिली ओळ संपून त्या दुसऱ्या ओळीवर आल्या तर सुई टाक्यात शिरेना. जोर लावला तरी शिरेना. टाके सुईला आवळून बसले होते.

“काऊन जाऊन नाई राहिली ही?”

“कारण तुमचा हात घट्ट आहे.”

“मी काय कंजूस हाय काय?” त्या एकदम म्हणाल्या. आणि म्हणता म्हणताच थांबल्या.

तेवढ्यात त्यांचा मुलगा, मंगेश, दुकानातून आत आला. कोपरापर्यंत काळे हात. आई सुया घेऊन बसलेली बघून तो दारातच थबकला. मी त्यालाही तेच सांगितलं. त्याने हात पुसले, शीतलचा नमुना उजेडाकडे धरून पाहिला, मग आईची ती आवळलेली पट्टी पाहिली.

“आई, हे तं तारेवानी हाय,” तो म्हणाला. “मी अन् दुकानातला बबन एकाच मोटारीचे कॉइल गुंडाळतो, तरी दोगाईचे येगळे बसतात. त्याले कोनी खर्चिक मंते काय?” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “सैल असून बी किती सारखं हाय, मॅडम. एक वेढा इकडचा तिकडं नाई.”

आमच्या कामाची एवढी नेमकी पारख परीक्षेच्या बाईंनीही कधी केली नव्हती. मला बरं वाटलं. आता सगळं जुळेल असंही वाटलं. मी इंदूबाईंकडे पाहिलं. त्यांनी सुया हळूच सतरंजीवर ठेवल्या.

“मॅडम, तुमी पयले काऊन नाई आल्या? परवा रविवारी सुपारी फुटली याची. यवतमाळकडची पोरगी हाय. आता त्या पोरीचं मोडू काय?”

सुपारी फुटली म्हणजे चार माणसांत लग्न पक्कं झालं. तिथे बोलायला जागा नव्हती. मंगेशने नमुना माझ्या हातात परत दिला, दुकानात गेला, आणि मोटार तपासायचा घर्र आवाज सुरू झाला. इंदूबाईंनी चहा केला. मी निघाले तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या.

“तिले सांगजा, पोरगी आमाले पसंत होती. याले तं लयच होती. आमी दोगी बह्यनीच भेलो, तुमचं आयकून.”

बुधवारी मी शीतलला वर्गानंतर थांबवून घेतलं. तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, जसं घडलं तसं, त्या दिवशी मी काय बोलले त्यापासून ते काल फाटकाशी काय झालं तिथपर्यंत. मध्ये मला पाणी प्यावं लागलं. ती खाली बघून ऐकत होती. मला वाटलं, सुपारीचं ऐकून रडेल.

तिने विचारलं ते वेगळंच.

“मंग मी त्यायले पसंत होती?”

“होतीस. आईला होतीस आणि त्यालाही.”

“रंगाचं काईच नाई मनले?”

“एक अक्षर नाही.”

तेव्हा ती रडली. ओढणी तोंडाशी धरून, आवाज न करता. मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. ती म्हणाली, “घरी कोनी कारन सांगे नाई. आई मने, जाऊ दे. आत्या मने, आता उन्हात फिरू नको. मले वाटलं, थो पाहून गेला अन् घरी जाऊन त्याले माहं तोंड आठवलं असन. मी लायन्या भावाच्या समोर बी नीट बसत नोती, मॅडम.”

मी म्हटलं, माझं चुकलं. इतक्या वर्षांत कुठल्या विद्यार्थिनीला हे वाक्य मी पहिल्यांदा म्हणत होते, आणि ते म्हणायला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही. जड पुढचं गेलं.

तिने डोळे पुसले आणि सरळ माझ्याकडे पाहिलं.

“तुमाले हे कवा ध्यानात आलतं?”

काल, असं म्हणता आलं असतं. परवा म्हणता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता.

“वैशालीने सांगितलं त्याच दिवशी,” मी म्हणाले.

तिने मनातल्या मनात मोजलं. मोजण्यात ती कधी चुकत नसे.

“बावीस दिवस, मॅडम,” ती म्हणाली.